दातांत फट, दाराला कुलूप

कवळीकाका माणसांना तोंडावरून ओळखत नसत, तोंडाच्या आतून ओळखत. रस्त्यात समोरून कुणी गृहस्थ आले, हसून नमस्कार केला, तर काकांचा चेहरा कोरा तो कोराच. पण त्याच गृहस्थांनी पुढे जाऊन जांभई दिली की काकांना लख्ख ओळख पटायची. अरे, ही तर आपली वरची. खालची नीट बसली का यांना? हे त्यांना फार विचारावंसं वाटे, पण विचारायची सोय नव्हती. कवळी घालणाऱ्या माणसाला जगात कुणीही भेटलेलं चालतं, कवळी करणारा तेवढा भेटलेला चालत नाही.

त्यांचं काम दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत खुर्ची, मोठा दिवा, डॉक्टर आणि तोंड उघडून बसलेला माणूस. मागच्या खोलीत काका, प्लास्टर, मेण, स्पिरिटचा दिवा आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप तेवढे दिसत. पुढून जबड्याचा ठसा यायचा. काका त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचे, साच्यावर मेणाची हिरडी चढवायचे आणि त्या मेणात एकेक दात रोवायचे. ही मेणाची कवळी एकदा पुढे जाऊन माणसाच्या तोंडात बसून यायची. पसंत पडली की मेण काढून त्या जागी पक्कं प्लास्टिक. पसंत नाही पडली तर मेण आहे तोवर सगळं हलवता येतं. 'मेण आहे तोवर माणसानं काय ते बोलून घ्यावं,' असं काका म्हणत. संसारालाही ते हाच नियम लावत, पण तिथलं मेण बऱ्याच वर्षांपूर्वी पक्कं झालेलं होतं.

दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक पडदा होता. थोरल्या डॉक्टरांनी लावलेला. 'आपले दात कुणीतरी बसून केलेत हे माणसाला न दिसलेलं बरं,' असं ते म्हणायचे. थोरले डॉक्टर गेले, त्यांची लेक खुर्चीपाशी उभी राहिली, पण पडदा राहिला. या डॉक्टरीणबाईंचे दुधाचे दात काकांनी पाहिलेले. बाई कामाला चोख, बोलायला गोड. फक्त अलीकडे त्या बरीचशी मापं एका कंपनीकडे पाठवू लागल्या होत्या. तिथं म्हणे कॉम्प्युटर दात कोरतो. 'काका, तुम्ही दमत असाल ना आता?' असं त्या अधूनमधून विचारत. ही चौकशी आहे की नोटीस, हे काकांना उमगत नसे.

दमले तर ते होतेच. प्लास्टिक घासताना उडणारी पूड इतकी वर्षं छातीत गेली होती की खोकला आला की काका म्हणत, 'आत एक कवळी तयार होतेय.' मान एका बाजूला कलली ती कललीच. चष्म्यावर चष्मा लावल्याशिवाय दाढ दिसत नव्हती. सकाळी उठून पाय जमिनीला लावले की त्यांना वाटे, झालं, संपला दिवस, आता झोपावं.

घरी काकू म्हणायच्या, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं भरलं. आता पुरे करा की."

काका 'हो' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघायचे.

या साऱ्या शिणवट्यात एकच गोष्ट अशी होती की तिचं नाव काढलं की काकांची मान सरळ व्हायची. ती म्हणजे कुलूप.

कुलूप हा माणूस होता. काका शाळकरी असताना गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. खरं नाव पेपरात यायचं, पण ते फक्त पेपरवाले वाचत. उंच, काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत, आणि वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये अशी फट की तीतून पोस्टकार्ड जावं. ही फट सगळ्या गावाला पाठ होती. मैदानाच्या स्वस्तातल्या बाजूला, जिथं बसायला पायऱ्या आणि डोक्यावर ऊन, तिथून आरोळी उठायची. अर्धी पब्लिक म्हणायची, 'दातांत फट!' उरलेली अर्धी म्हणायची, 'दाराला कुलूप!' गोलाच्या दाराला. काका फटवाल्या अर्ध्यात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोस्ताचा आवाज तर असा की त्याचं नावच भोंगा पडलं होतं. भोंगा 'दातांत फट' म्हणायचा तेव्हा कबुतरं उडायची.

आणि कुलुपाची एक लकब होती. चेंडू अडवला की तो उठायचा, प्रेक्षकांकडे तोंड करायचा आणि हातमोज्याच्या पाठीनं तोंड पुसायचा. डावीकडून उजवीकडे, एकदाच. जेवून उठलेल्या माणसानं पुसावं तसं. 'खाल्ला चेंडू,' असा त्याचा अर्थ, हे पोरांनी आपसांत ठरवून टाकलेलं. गावातलं एकेक पोर तसं तोंड पुसू लागलं. गणित सुटलं, पुसलं तोंड. मास्तरांनी मारलं आणि रडू आलं नाही, पुसलं तोंड. बाकीच्यांची सवय मिसरूड फुटल्यावर सुटली. काकांची सुटली नाही. अजूनही एखादी कवळी साच्यावर टच्च बसली, दाढेला दाढ मिळाली, की काकांच्या हाताची पाठ तोंडावरून फिरायची.

एवढंच असतं तर काका म्हणजे चारचौघांसारखे एक चाहते झाले असते. पण कुलुपानं त्यांचं आयुष्यच वळवलं होतं आणि ते कुलुपाला ठाऊक नव्हतं.

झालं असं की पोरवयात काका गल्लीच्या संघाचे गोलकीपर होते. दोन पोरं विटा रचून गोल करायची. एके दिवशी मात्र मोठ्या मैदानावरचा खराखुरा लोखंडी खांबांचा गोल रिकामा सापडला. भोंग्यानं चेंडू मारला, काकांनी कुलुपासारखी झेप घेतली, चेंडू अडवला आणि तसेच पुढे जाऊन खांबावर आदळले. वरचे पुढचे दोन दात तिथंच राहिले. रक्ताळलेल्या तोंडानं पोर उठलं, आणि आधी काय केलं असेल, तर हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. वडिलांनी ओढत थोरल्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं पडद्यामागे एक म्हातारा मेणात दात रोवत बसलेला पोरानं पाहिला, आणि पोर तिथून हलेना. पुढे शाळा सुटली ती त्याच खोलीत बसण्यासाठी.

हात बसल्यावर काकांनी पहिलं खाजगी काम केलं ते स्वतःचं. आपल्या पुढच्या दोन दातांची पट्टी त्यांनी स्वतः केली, आणि मध्ये ठेवली फट. पोस्टकार्ड जाईल एवढी. असल्या दातांनिशी ते काकूंना पहिल्यांदा भेटले. काकूंनी बोलणं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "ही फट देवानं दिली का?"

"नाही, मीच ठेवलीय," काका अभिमानानं म्हणाले.

"मग बुजवा. फट किंवा मी. दोघींना एका घरात जमणार नाही."

काकांनी त्या रात्री फट बुजवली. प्रेमापोटी माणसं काय काय करतात. पण कुलुपाचा रंगीत फोटो, एका मासिकातून कापलेला, त्यांच्याबरोबर नव्या घरात आला. मोठा हसरा फोटो, एकुलता एक, ज्यात ती फट दिसत होती. काकूंनी त्याला स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला जागा दिली. साखर काढताना कुलूप दिसायचं, एरवी नाही. "तुमचं कुलूप मुंग्यांपासून साखर राखतंय," काकू म्हणायच्या. "कुठंतरी उपयोगाला आलं."

काकांच्या मनात एक वाक्य होतं. कधीतरी कुलुपाला भेटायचं आणि ते म्हणायचं. 'सर, तुमच्यामुळे माझे दात गेले आणि तुमच्यामुळेच मी पोटाला लागलो.' बस, एवढंच. वाक्य घासूनपुसून तयार होतं. फक्त म्हणायचा योग येत नव्हता.

लहानपणी एकदा मैदानाच्या मागच्या फाटकापाशी संघ बसमधून उतरताना सगळी पोरं उभी होती. कुलूप आला, जाता जाता एका पोराच्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेला. ते डोकं भोंग्याचं. काका तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. भोंग्यानं पुढे कित्येक दिवस डोकं धुतलं नाही आणि काकांनी बरीच वर्षं नाडीचे बूट घातले नाहीत.

दुसऱ्यांदा योग आला तो मुलीच्या जन्माच्या वेळी. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये काका शिरले तर आत कुलूप. तेव्हा खेळ सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती, केस पातळ झाले होते, पण ते हात लपतात थोडेच. दार बंद झालं. दोघंच. काकांच्या घशात वाक्य आलं, जिभेवर आलं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते, "कितवा मजला?"

"तिसरा," कुलूप म्हणाला.

तिसरा आला. कुलूप उतरला. काका तसेच वर गेले, गच्चीपर्यंत, आणि मग खाली आले. मुलगी झाल्याचं त्यांना सासूबाईंनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिसरा म्हणाले." सासूबाईंना वाटलं जावई खुळा आहे, ही तर पहिली. तो समज त्यांनी पुढे बदलला नाही.

असं हे सगळं मागे पडलं. संघ बुडाला, मैदानावर मोटारी उभ्या राहू लागल्या, भोंगा मुलाकडे परगावी गेला. त्याचा फोन यायचा, पण आवाज इतका बसला होता की काकांना 'काय?' म्हणावं लागायचं. काका म्हणत, "भोंग्याला 'मोठ्यानं बोल' म्हणायची वेळ आली. म्हणजे आता काही राहिलं नाही."

आणि एक दिवस डॉक्टरीणबाई पडदा सारून आत आल्या. एका हातात ठसे, एका हातात पाकीट.

"काका, हे कंपनीकडे पाठवत नाही, तुम्हीच करा. वर-खाली दोन्ही. एकही दात राहिला नाही बिचाऱ्यांचा. जुना फोटो आणायला सांगितला होता, पूर्वी दात कसे होते ते बघायला. आणला आहे, पण उपयोग नाही. ओठ मिटलेले. घरात एकही हसतानाचा फोटो नाही म्हणतात."

काकांनी पाकिटातून फोटो काढला, चष्म्यावर चष्मा चढवला आणि फोटो हातात धरून उभेच राहिले. मग हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"कुणी खेळाडू होते म्हणे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहितीयत?"

"ऐकून आहे," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी काकूंनी साखरेचा डबा काढायला कपाट उघडलं तर दार मोकळं.

"अहो, कुलूप कुठं गेलं?"

"कामावर नेलंय."

"नोकरी लागली का त्याला?"

काकांनी सांगितलं. काकूंनी पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान सरळ होती. कित्येक वर्षांत पाहिली नव्हती अशी.

"मग या वेळी बोला तरी," त्या म्हणाल्या. "लिफ्टसारखं करू नका."

काकांनी ती कवळी जशी केली तशी त्यांनी कुठलीच केली नव्हती. मासिकातला फोटो खिडकीला चिकटवला. दातांचे संच काढून दिव्याखाली धरले, छटा जुळवली, कोपरे घासून थोडे गोल केले, कारण फोटोत तसे होते. आणि वरचे पुढचे दोन दात मेणात रोवताना मध्ये जागा सोडली. मोजून नाही, आठवून. मग चाचपायला एक पोस्टकार्डही शोधलं, पण हल्ली पोस्टकार्ड सापडतं कुठं, तेव्हा औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घातला. गेला. काकांनी तोंड पुसलं. त्यांच्या मते गावाची एक हरवलेली वस्तू त्यांनी गावाला परत केली होती. मालकाला विचारायला हवं होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. फटीशिवाय कुलूप असतो कुठं?

बाईंनी कवळी पाहिली. "फट?"

"त्यांची तशीच होती. फोटो आहे माझ्याकडे."

"बरं. तुम्ही म्हणता तर." मग जरा थांबून, "काका, या वेळी पुढे येऊन बघायचंय का?"

इतक्या वर्षांत काका पहिल्यांदा पडद्याच्या पलीकडे उभे राहिले. शर्टही बरा घातला होता. खुर्चीत एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. हात मांडीवर ठेवलेले, लांबच लांब आणि थकलेले. बाईंनी मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला.

गृहस्थांनी ओठ उघडून आरशात पाहिलं. काकांनी खुर्चीच्या मागून आरशात पाहिलं. आरशात कुलूप होता. सुरकुत्या होत्या, पण कुलूपच. काकांच्या कानात सगळी पायऱ्यांची बाजू उठून उभी राहिली.

गृहस्थांनी आरसा पालथा ठेवला, कवळी तोंडातून काढून ताटलीत ठेवली आणि हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. डावीकडून उजवीकडे. पण या वेळी काका जवळ उभे होते, पायऱ्यांवर नव्हते, म्हणून त्यांना दिसलं की तो हात तोंड पुसत नव्हता. तोंड झाकत होता.

"यात फट आहे," गृहस्थ म्हणाले. रागानं नाही. पायात पुन्हा तोच खडा सापडल्यासारखं.

"तुमचीच आहे, सर," काका म्हणाले. "जशीच्या तशी. जुना फोटो आहे घरी, तो बघून केली."

"हो. दिसली." बोळक्या तोंडानं शब्द जपून येत होते. "मला वाटलं, निदान आता गेली असेल."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी ताटलीकडे.

"सगळं मैदान ओरडायचं हो," गृहस्थ म्हणाले. "दातांत फट. पुढे आणखी काहीतरी होतं म्हणतात लोक. मला कधी ऐकू आलं नाही. ती माणसं दुसऱ्या टोकाला बसायची. मला पहिलं तेवढं यायचं. एवढी वर्षं. मग मी असं करायचो." हात पुन्हा ओठांवर गेला. "पोरंही तसंच करून चिडवायची. बसमधून उतरलो की रांगेनं उभी, सगळ्यांचे हात तोंडावर. बायको म्हणायची, लहान आहेत, सोडा. आता हे बदलता येईल का? का पक्कं झालं?"

"मेण आहे, सर," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही. "मेण आहे तोवर सगळं हलतं. आत्ता करून देतो."

ताटली घेऊन ते पडद्याआड गेले. खिडकीवरचा फोटो आधी उतरवला आणि प्लास्टरच्या पोत्यामागे सरकवला. बरं झालं, कारण मागोमाग पडदा हलला आणि गृहस्थ आत आले. "पुढे बसवत नाही," म्हणाले. "डोळ्यांवर दिवा येतो. इथं बसू का?" काकांनी डबा उचलून त्याखालचं स्टूल मोकळं करून दिलं.

काकांनी दिवा लावला. सुरी तापवली. मेणात दोन दातांच्या मुळाशी फिरवली. मेण पाझरलं, चकाकलं. डावा दात आतल्या बाजूला रेटायचा, मग उजवा, मग बाजूचे दोन किंचित पुढे. हे काम काकांनी तरुणपणी एका बाईसाठी स्वतःच्या तोंडावर केलं होतं. तेव्हा हात भराभर चालला होता. आज चालत नव्हता.

"तुम्हाला फुटबॉलची आवड दिसते," गृहस्थ म्हणाले. स्वरात सावधपणा होता, दारावरच्या विक्रेत्याशी बोलताना असतो तसा. "फोटो जपलाय म्हणजे."

काकांच्या जिभेवर वाक्य आलंच होतं. पण त्यांनी वर पाहिलं, आणि समोरच्या चेहऱ्यावर त्यांना जो कंटाळा दिसला तो ओळखीचा निघाला. तो सकाळी पाय जमिनीला लावताना यायचा तोच होता.

"मला नाही," काका म्हणाले. "मिसेसना. फोटो त्यांचाच. फटही त्यांनीच ठेवायला सांगितली. मी म्हटलं, विचारून तरी करू. पण ऐकतील तर त्या मिसेस कसल्या."

गृहस्थांचे खांदे खाली आले. एकदम सैल होऊन ते स्टुलावर टेकले.

"बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर कठीण असतं हो. केस कापायला बसलो की न्हावी कात्री खाली ठेवतो आणि मलाच माझा सामना सांगतो. डावीकडून आला, तुम्ही असे उडालात. मला आठवत नाही. त्यांना सगळं आठवतं. मग मीच खोटा वाटायला लागतो. हो-हो म्हणून मान हलवतो. फार दमायला होतं."

"दमायला होतंच," काका म्हणाले.

दात दाताला भिडला. काकांनी सुरी खाली ठेवली, पुठ्ठा घालून पाहिला, जाईना. काम टच्च झालं होतं, आणि काही कळायच्या आत काकांच्या हाताची पाठ त्यांच्या तोंडावरून फिरली.

गृहस्थ बघत होते.

"तुमचेही दात खोटे का?"

"पुढचे दोन."

"तरीच. हात जातो ना वर? मेली सवय जात नाही." आणि त्यांनी जवळ येऊन, एका लाजऱ्या माणसानं दुसऱ्याच्या ठेवावा तसा काकांच्या खांद्यावर हात ठेवला. तोच लांब हात. "कशानं गेले?"

"पडलो लहानपणी."

"खेळताना?"

"छे. जिन्यावरून."

पुढच्या खोलीत बाईंनी कवळी पुन्हा बसवली. गृहस्थ आरशात पाहत राहिले, मग हसले. मोठ्ठं, दोन्ही ओळी दाखवून. हात वर यायला निघाला होता, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर परत गेला. बाई म्हणाल्या, "किती छान दिसताय." खरंच छान दिसत होते. कुठल्याही रांगेत पुढे उभे असतात ना, त्या कुठल्याही आजोबांसारखे. रस्त्यात भेटले असते तर काकांनी ओळखलं नसतं. जांभई दिली असती तर मात्र ओळखलं असतं.

जाताना गृहस्थ पडद्यापाशी थांबले. बाईंकडून कागद मागून घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि काकांच्या हातात दिला.

"तुमच्या मिसेसना द्या. त्यांना वाईट वाटेल."

घरी काकू दाराशीच उभ्या होत्या.

"बोललात का?"

"बोललो."

"सगळं?"

"जिन्यावरून पडलो म्हणालो."

काकूंनी पाणी आणून दिलं. काकांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. काकूंनी लांब धरून वाचला. 'ताई, तुमची आवडती फट बुजवून घेतली. राग मानू नये. तुमचे मिस्टर फार भले आहेत.' खाली वळणदार सही.

"माझी आवडती?" काकू म्हणाल्या.

काकांनी काय झालं ते सांगितलं. थोडक्यात, कारण दम लागत होता. न्हाव्याचं सांगितलं, हाताचं सांगितलं. आरोळीचा दुसरा अर्धा त्यांना कधी ऐकूच आला नाही, हे सांगताना थांबले. "आम्ही पहिल्या अर्ध्यात होतो," एवढंच म्हणाले.

काकूंनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाल्या, "जन्मभर मी त्या फटीवर दातओठ खाल्ले. आणि शेवटी तुम्ही ती माझ्याच नावावर केलीत."

"दुसऱ्या कुणाच्या करणार?"

"कसे दिसतात आता?"

"सगळ्यांसारखे."

"मग झालं तर." त्या उठल्या. काकांच्या पिशवीत हात घालून मासिकातला फोटो काढला, पदरानं त्यावरची प्लास्टरची पूड झटकली आणि कपाटाच्या दाराला, होता तिथंच, पुन्हा चिकटवला. कोपऱ्यात तो कागद खोचला. साखरेचा डबा काढला. "एवढं म्हणायचं होतं ते राहिलंच की हो."

"राहिलं."

"मला सांगा हवं तर. मी ऐकते."

"तुला पाठ आहे ते."

"आहेच. पण सांगा."

काकांनी सांगितलं. पहिल्यांदाच आख्खं, मोठ्यानं. ऐकायला बरं होतं वाक्य, फक्त जरा जुनं वाटलं. काकूंनी 'हं' म्हटलं आणि चहाचा कप पुढे ठेवला. खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत त्या कप धरून थांबल्या. काकांनी दोन्ही हातांनी कप घेतला, पाय स्टुलावर टाकले, चहा सावकाश संपवला आणि हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. या वेळी खरंच चहा लागला होता.